चेपलेली टोपी

लेक : नाही दिलं पिस्तूल भरून. उलट होतं तेही काढून टाकलं त्यानं.

आई : होतं म्हणजे?

लेक : बार भरलेला होता, आई. मी आपली भाजीच्या पिशवीत टाकून अख्ख्या बाजारातून नेलं. दुरुस्तीवाल्यानं नळीत काडी घालून बघितली नि म्हणाला, ताई, जरा लांब सरका.

आई : झालं नाही ना काही? मग बॅग भर. जावई न्यायला येतीलच एवढ्यात.

लेक : आणि हे पिस्तूल सोबत न्यायचं?

आई : उशाशी ठेव. माझ्या आईनं मला दिलं, तिला तिच्या आईनं. मुठीत मावतं, कुणाला दिसतही नाही. वापरायचं नसतं गं ते. जवळ असलं की धीर येतो.

लेक : वापरायचं नसतं, तर चाप कुणी ओढला?

आई : हळू बोल. तुझे बाबा जागे आहेत आत.

लेक : घोड्याखाली तांब्याची टोपी असते. ती फुटली की ठिणगी आत जाते, बार उडतो. ही टोपी नुसती चेपलीये. घोडा पडलाय तिच्यावर, पण फुटली नाही. तेल मुरलं होतं म्हणे तिच्यात.

आई : तेल कुठून आलं?

लेक : मी घालायचे, लहान असताना. शिवणयंत्राचं. तू सारखी ते पुसत बसायचीस, मला वाटलं आईची लाडकी वस्तू आहे, गंजायला नको.

आई : अगं बाई.

लेक : कुणावर ओढलास? स्वतःवर?

आई : स्वतःवर कशाला? तू तापानं फणफणली होतीस. डॉक्टरकडे नेते म्हटलं, तर यांनी दाराला कुलूप घातलं, मला बडव बडव बडवलं आणि घोरायला लागले. कानाशी नळी धरली मी. खट्ट झालं. यांनी कूस बदलली, बस.

लेक : मग?

आई : मग काय. तोंड धुतलं, तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले. म्हटलं, देवाच्याच मनात नाही. पदरात पडलंय ते निमूट सोसायचं. म्हणून तर राहिले इथं. आणि तू सांगतेस, शिवणयंत्राचं तेल.

लेक : माझ्यामुळे तू जन्मभर मार खाल्लास.

आई : वेडी आहेस का? तुझ्यामुळे मी तुरुंगात गेले नाही. तुझ्या वेण्या घालायला कोण होतं दुसरं?

लेक : हा माझा काळानिळा दंड बघ. झाकून ठेवला होता तुझ्यापासून. आता खरं सांग. मी चाप ओढला तर काय व्हावं? बार उडावा आणि मी तुरुंगात जावं? की उडू नये आणि मी तुझ्यासारखं राहावं?

आई : मला नाही सांगता येत.

लेक : मलाही नाही.

(दारावरची घंटा वाजते.)

लेक : आले.

आई : तू बस. मी उघडते.

लेक : बरं नाही म्हणून सांगणार आहेस?

आई : नाही. ती येणार नाही म्हणेन.

लेक : बाबा आतून ओरडतील.

आई : ओरडू देत. त्यांना आता उठता येत नाही.