जोरात आल्याबद्दल सत्कार

न्हाय, माईक हातात दिलाय म्हणून बोलतोय, न्हायतर माझी बोलायची इच्छाच न्हवती... आन् भाऊ, फेटा कानावर जरा सैल करा, एका कानानं काय ऐकूच येईना... तर तुमाला सांगतो मंडळी, तुमच्या ह्या विठाईनगरातनं मी मोटरसायकल जोरात आणली, मान्य हाय, तुमी हलगी वाजवून आडवी गर्दी केली, मला खाली उतरवलं, फेटा बांधला, नारळ दिला, तेबी मान्य हाय, पण जोरात जाणाऱ्याला धरून त्याचा सत्कार करायचा, ही आयडिया मुळात कुणाची? माझी! शेजारच्या सोनचाफा कॉलनीतल्या ह्या मल्हारची! तुमी आमचं बघून उचलली, आन् पयला धरला कोण, तर मीच. आता ह्यात माझं काय चुकलं, तुमीच सांगा.

तुमाला म्हाईत हाय, कारखाना सुरू झाला की इंदापूर रोडच्या चौकात उसाचं ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर लावून उभं राहतंय, वर गाणी लावलेली, ड्रायव्हर चा प्यायला गेलेला, हलतंय कोण? मग कुणातरी शहाण्याला आमच्या गल्लीचा शोध लागला. हिकडनं शिरलं की तिकडं बारामतीत! एकाला कळलं की तालुक्याला कळलं. दुधाचं टेम्पो, कंपनीच्या बशी, क्लासची पोरं, एकदा तर नवरदेवासकट वऱ्हाड गेलं. आन् आडवाट सापडली की माणसाला चेव येतोय हो, चौकात गेलेला सगळा येळ आमच्या दारात भरून काढत्यात.

आता ही बघा, ही खुर्चीत बसलीय ती माझी आई, सारजाबाई. निरवांगीची. तरणेपणी ह्या बाईनं अख्खा कळप डांबरी रस्त्याला आडवा घालून येश्टी थांबवलीया. नुसता हात वर करायची, ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरायचा आन् मेंढरं मोजत बसायचा. आन् आमच्या बरुबर समोरच्या घरात लीलाबाई, पणदऱ्याच्या, गुडघे गेलेल्या, त्यामुळं दुपारचा चा लीलाबाईच्या घरी आन् चालायचं काम आईकडं. किती वर्सं चाललंय, इचारू नगा. एक दिवस आई साखरेची वाटी घिऊन निघाली आन् एक गाडी तिच्या पदराला वारा घालून गेली. वाटी तिकडं, साखर गल्लीभर, आई मागं दारात. पडली न्हाय, पण त्या दिवसापासनं उंबरा वलांडंना. येश्टी थांबवणारी बाई! दुपारी दाराशी बसायची आन् समोर बघायची, मला ते बघवायचं न्हाय. दोघी फोनवर बोलाय लागल्या, पण दोघींनाबी कमी ऐकू येतंय, एवढ्या वरडायच्या की फोन नसता तरी चाललं असतं.

मग आमी पाटी लावली, 'हळू जा'. दुसऱ्या दिवशी तिच्यावर कुणाच्यातरी वाढदिवसाचा फ्लेक्स! गतिरोधक घालायचा म्हणलं, तर आमच्या गल्लीतलं जाणतं माणूस आप्पासाहेब, सोसायटीचं माजी चेअरमन, तेच आधी बोललं, "माझ्या दारात नगं बरं का मल्हारराव, रातभर आदळआपट..." शेजारचा म्हणला माझ्या दारात नगं, त्याच्या शेजारचा म्हणला माझं तर गुरवारी वास्तुशांत हाय... म्हंजी गतिरोधक सगळ्यांना पायजे, पण दुसऱ्याच्या दारात.

तवा मी इचार केला. आपल्याकडचा माणूस पोलिसाला चुकवील, सायबाला चुकवील, सासऱ्याला चुकवील, पण फेटा घिऊन पुढं आलेल्या माणसाला न्हाय म्हणल का? आन् एकदा फेट्याचं टोक हातात दिलं की पळतोय कुठं? हातात टोक, डोक्याभवती कापड, त्यात आप्पासाहेबांचं भाषण! मी म्हणलं, जोरात आला की धरायचा, सत्कार करायचा, चारचौघात लाजवायचा. पुन्हा हिकडं फिरकायचा न्हाय. आता ह्यात माझं काय चुकलं, तुमीच सांगा.

पयला घावला सिद्धू, अंथुर्ण्याचा, दुधाचा टेम्पो. हलगी ऐकून बिचारा बिरेकवर उभाच राहिला. त्याला उतरवला, फेटा सुरू केला, आन् आप्पासाहेब माईकवर, "ज्यांच्या गाडीच्या नुसत्या वाऱ्यानं आपली वाळत घातलेली धोतरं शेजाऱ्याच्या घरात जात्यात... ज्यांच्या हॉर्ननं आपली निजलेली लेकरं देशाचं भविष्य घडवाय उठून बसत्यात... असे आपले लाडके सिद्धूशेठ!" सिद्धूनं मान खाली घातली. आमी म्हणलं, लाजला. कशाचा लाजतोय! फोटोत फेटा नीट यावा म्हणून वाकला हुता.

घरी पोचायच्या आधी त्यानं फोटो स्टेटसला टाकला. 'बारामतीकरांनी केलेल्या भव्य सत्काराबद्दल ऋणी.' भव्य! झालं... दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा चुलता दारात हजर. "पुतण्याला केशरी फेटा बांधला, मग मी काय मेलोय व्हय?" आवं पण तात्या, तुमी हळू आलायसा की. "मग मागं जाऊन परत येतो." आन् गेलं! आन् आलं! जीव मुठीत घिऊन पळालो सगळी, आन् मग बांधला फेटा. तिथनं जी रीघ लागली... एक पाव्हणा हार बारीक पडला म्हणून रुसून बसला. एक जण बायकापोरांसकट आला, पोरांच्या अंगावर नवी कापडं! एकाचा तर आदल्या दिवशी फोन, "उद्या साडेदहाला जोरात यायचा इचार हाय, आप्पासाहेब असतील नव्हं?" आन् आप्पासाहेब नसायला जात्यात कुठं? जेवण माईकपाशीच.

बरं, वेग गेला का? गेला. खरं सांगतो, आता आमच्या गल्लीत कोण जोरात जाऊच शकत न्हाय, कारण गल्ली हालतच न्हाय! फेटेवाला बसलाय, हारवाला बसलाय, वडापाव आलाय, हँडलला हँडल घासून गाड्या उभ्या. आई दारात, लीलाबाई समोरच्या दारात, आन् मधी सत्कारमूर्ती. आधी गाड्या पळत्यात म्हणून जाता येईना, आता उभ्या हायती म्हणून जाता येईना. आईनं हात वर करून बघितला, तर एक जण पुढं आला आन् तिलाच इचारतोय, "लाईन कुठनं सुरू होती?"

आज मात्र ती हटूनच बसली. "मल्हार, कायबी कर, मला लीलाकडं न्हे." मग मी तिला मागल्या दारानं काढली, मोटरसायकलवर बसवली, म्हणलं तुमच्या नगरातनं वळसा घालू आन् लीलाबाईच्या घरामागं परड्यात निघू. समोरचं घर हो! त्याला गावभर वळसा! आन् मी हळूच निघालो हुतो, आईची शप्पथ, पण ही मागनं पाठीत बुक्क्या घालतीया, "हाण की जरा, चा निवंल तिचा, ती वाट बघत असंल." आईची इच्छा म्हणून मूठ पिळली... आन् तुमची हलगी वाजली. आता ह्यात माझं काय चुकलं, तुमीच सांगा!

न्हाय न्हाय, टाळ्या नगा वाजवू. मला आईचं वाईट वाटतंय. मी हितं फेट्यात आडकलोय, तिकडं चा निवला असंल, म्हातारी बिचारी तोंड बारीक करून बसली असंल, असं वाटून मी आत्ता तिच्याकडं बघितलं... तर तुमच्या बायकांनी तिची ओटी भरलीया, अंगावर साडी घातलीया, सुना पाया पडत्यात, पुढ्यात चा हाय आन् संगं खारी! हसतीया बघा कशी. कधी न्हवं ती एवढी हसतीया. मी म्हणलं, आई, चल, उशीर झाला, लीलाबाई वाट बघत्यात. तर मला जवळ बोलावून कानात... फेटा सैल केलेल्या कानात... काय म्हणती म्हाईत हाय?

"मी कुठं येऊ आता? तूच जा आन् लीलाला हिकडं घिऊन ये. तिलाबी साडी हुईल. आन् येताना हळू येऊ नगंस मल्हार, हळू आलास तर कुणी इचारायचं न्हाय."

तवा मंडळी, सत्काराला उत्तर हितंच थांबवतो. हलगीवाल्यानं तेवढी तयारी ठेवावी, आन् माझ्या गाडीची चावी कुणाकडं हाय ती द्या.