रिकाम्या भोकाला पिवळा ठिपका

थोरली: चपला राहू द्या पायात, उस्ताद. खाली तेल सांडलंय.

उस्ताद: फोनवर म्हणालीस, गिअरबॉक्सवर अडलेय. मला वाटलं, तुझ्या कुणा गिऱ्हाइकाचा असेल. ही तर तुझ्या बापाची पिकअप! अजून ठेवलीय होय तुम्ही?

थोरली: दोन वर्षं ताडपत्रीखाली होती.

उस्ताद: विकून टाक म्हणून तेव्हाच सांगितलं होतं. जिनं घरचा माणूस भिंतीशी चिरडला, ती दारात ठेवायची कशाला?

थोरली: सांगितलं होतंत खरं. भंगाराच्या दुप्पट देऊन मीच घेतो, म्हणालात. मला तेव्हा तुमचं मन मोठं वाटलं.

उस्ताद: अगं, माझ्या हाताखाली शिकलीस तू. एवढंही करू नये का? बरं, काय बिघडलंय?

थोरली: तेलात पाणी गेलं होतं. क्लच-प्लेटांचा लेप सुटलाय, सील वाळून कडक झालीत. सगळाच नव्यानं बांधायला लागेल. शेवटचा तुम्हीच बांधला होतात, म्हणून म्हटलं, तुम्ही एकदा बघावा.

उस्ताद: उभ्या गाडीचं असंच होतं. जुनं डिझेल इंजिन वर्षभर पडलं तरी उठून बसेल, पण ऑटोमॅटिक बॉक्स म्हणजे रुसूबाई. प्लेटा बसवायच्या आधी तेलात चांगल्या भिजव. कोरड्या बसवल्यास की जळल्याच.

थोरली: भिजत घातल्यात. आता इकडे या, मागच्या टोकाला. हा टॉर्च धरा.

उस्ताद: इथं काय? इथं नुसती पार्कची खुंटी.

थोरली: तिचंच सांगा. दांडा पार्कवर टाकला की आत काय होतं? पहिल्या आठवड्यात मी हेच विचारलं होतं तुम्हाला.

उस्ताद: माझी परीक्षा घेतेस? ही खुंटी त्या दातेरी चाकात जाऊन बसते. गाडी जागच्या जागी जखडली. आणि ही पट्टी खुंटीला मागं सरकू देत नाही.

थोरली: आणि पट्टीला कोण धरतं?

उस्ताद: दोन बोल्ट.

थोरली: मोजा.

उस्ताद: एकच दिसतोय.

थोरली: दुसऱ्या भोकात बोट घालून बघा हवं तर.

उस्ताद: हादऱ्यानं सुटला असेल. सुटतात कधीकधी.

थोरली: सुटला तर खालच्या पॅनमध्ये पडणार. सगळा गाळ मी चहाच्या गाळणीनं गाळलाय. वर चुंबक फिरवलाय. नाही.

उस्ताद: मग माझ्यानंतर कुणीतरी खोलला असेल बॉक्स.

थोरली: टॉर्च जरा खाली घ्या. भोकाच्या आतल्या कडेला काय दिसतंय?

उस्ताद: रंग लागलाय.

थोरली: कसला?

उस्ताद: पिवळा.

थोरली: बोल्ट आवळला की त्यावर पिवळा ठिपका. "हा ठिपका म्हणजे माझा शब्द." किती मिरवायचात! बोल्टागणिक ठिपका देतच नव्हतात तुम्ही. सगळं झाल्यावर एकदाच ब्रश फिरवत होतात. रिकाम्या भोकालासुद्धा शब्द दिलात, उस्ताद.

उस्ताद: पोरी, मी जरा बसतो.

थोरली: उभे राहा. स्टूल मी मुद्दाम आत नेऊन ठेवलंय.

उस्ताद: तो बोल्ट हातातून निसटला होता. शोधत होतो, तेवढ्यात कुणी हाक मारली. परत आलो तर डोक्यातूनच गेलं. आईची शपथ, मुद्दाम नाही केलं.

थोरली: आणि मग तो सापडलाच नाही?

उस्ताद: सापडला. चार दिवसांनी, बाकाखाली.

थोरली: तेव्हा फोन का नाही केलात?

उस्ताद: म्हटलं, एकावर भागेल. पुढच्या वेळी तेल बदलायला आले की घालू.

थोरली: या गाडीचा हँडब्रेक मेलेला आहे, हे ठाऊक होतं?

उस्ताद: होतं.

थोरली: तुम्ही बॉक्स बांधल्यावर बाबा पंधरा दिवस होते. आठवडाभर हाच हिशेब करत बसलेय मी. त्यातले चार काढले तरी अकरा उरतात. अकरा दिवसांत एक फोन करायला तुमची बोटं झडली होती? आणि नंतर घरी येऊन सगळ्यांदेखत काय म्हणालात?

उस्ताद: घाबरलो होतो गं.

थोरली: काय म्हणालात?

उस्ताद: म्हणालो, पोरगं आहे, गाडी लावताना दांडा न्यूट्रलवर राहिला त्याच्याकडून.

थोरली: "मी डोळ्यांनी पाहिला," म्हणालात. माझ्या भावानं तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. आई त्याच्याशी बोलत नाही. ताट वाढते, त्याच्यापुढे सरकवते आणि आत निघून जाते. रोज. दोन वर्षं.

उस्ताद: मी काय करू, सांग. तुझ्या पाया पडू?

थोरली: बॉक्स बांधा. तुमच्या हातांनी, माझ्या डोळ्यांदेखत. नाहीतर या भोकाचे फोटो उद्या बाजारातल्या झाडून सगळ्या गॅरेजांत जातील.

उस्ताद: बांधला तर नाही ना जाणार?

थोरली: आधी बांधा तर.

(तीन दिवसांनी, सकाळी. थोरलीच्या घरामागचा उतार. पिकअपची पाठ भिंतीकडे. थोरलीचा धाकटा भाऊ दार उघडून आत बसला आहे.)

धाकटा: ताई, तू बस ना. मला नको.

थोरली: चालवायची नाहीये. दांडा पार्कवर टाक आणि इंजिन बंद कर. एवढंच.

धाकटा: दोन वर्षांत हात लावला नाही मी हिला.

थोरली: आज लाव. टाकलास?

धाकटा: टाकला. तू बघ. मी सांगितलेलं धरू नकोस, तूच बघ.

थोरली: पार्कवर आहे. ब्रेकवरचा पाय काढ. उस्ताद, आता तुम्ही. गाडीच्या मागं, भिंतीला पाठ लावून. बाबा दोर आवळत होते, तिथं.

उस्ताद: चाकाला दगड तरी लाव.

थोरली: का? बॉक्स कुणी बांधला?

उस्ताद: मीच. दोन्ही बोल्ट आवळलेत, तुझ्यासमोर.

थोरली: हो. मग तुम्ही हात धुवायला गेलात. पॅन लावायचं बाकी होतं आणि बॉक्सपाशी मी एकटी होते.

उस्ताद: तू... काढलास?

थोरली: बाबांना तरी कुठं माहीत होतं? उभे राहा.

धाकटा: ताई, काय चाललंय? कसला बोल्ट?

थोरली: तेच सांगायला त्यांना आणलंय. बोला, उस्ताद.

उस्ताद: पोरा, तुझी चूक नव्हती. पार्कच्या पट्टीचा एक बोल्ट मी घातलाच नव्हता, म्हणून खुंटी निसटून गाडी घसरली. नंतर कळलं, तरी गप्प बसलो. त्या दिवशी मी इथूनच जात होतो, म्हणून सगळ्यांच्या आधी पोचलो. तू बापापाशी होतास. गाडी ढकलायला मीच दांडा न्यूट्रलवर घेतला. मग लोक जमले, तूही दारापाशी येऊन दांडा पाहिलास, आणि मी म्हणालो, असाच होता.

थोरली: हे मला नव्हतं सांगितलंत.

उस्ताद: तू विचारलं नव्हतंस.

थोरली: ऐकलंस, बाळा? दांडा तुझ्या हातात आहे. तुला वाटेल ते कर. मी तिकडे तोंड करून उभी राहते.

उस्ताद: पोरी!

थोरली: ओरडू नका. मला हेच हवंय. तुम्हाला घाबरलेलं मला पोटभर बघायचं होतं.

धाकटा: ताई, दगड लाव.

थोरली: नाही लावणार.

धाकटा: मग मी ब्रेक दाबून धरतो. उस्ताद, निघा तिथून. इकडे खिडकीपाशी या.

उस्ताद: आलो. तू म्हणशील ती शिक्षा—

थोरली: शिक्षेचं मी बघते. बोल्ट दोन्ही जागेवर आहेत, असलं काम माझ्या हातून व्हायचं नाही. पण फोटो जाणार. आजच.

उस्ताद: तू शब्द दिला होतास.

थोरली: "आधी बांधा," एवढंच म्हटलं होतं मी.

धाकटा: दोघंही थांबा जरा. उस्ताद, तुम्ही आलात, गाडीचं दार उघडलंत. तेव्हा दांडा कुठं होता?

उस्ताद: पार्कवर.

धाकटा: परत सांगा.

उस्ताद: पार्कवर होता, पोरा. तू टाकला होतास तिथंच.

धाकटा: आई स्वयंपाकघरात आहे. खिडकी उघडी आहे. जरा मोठ्यानं.