लाइन कुणी अडवली?

मंडळी, प्रश्न साधा आहे, उत्तर मात्र घशात अडकणारं आहे. घरात काही बिघडलं की आपण दोष शोधायला निघतो. शेजारी बघतो, कंपनी बघतो, नशीब बघतो. पण सगळ्यात शेवटी कुठे बघतो? — नका सांगू! मनातच ठेवा. आधी ऐका.

हुपरी गाव. चांदीचं गाव, घराघरांत पैंजणं घडवणारं. तिथल्या अण्णा पोतदारांचा धाकटा मुलगा सुयोग. वडील चांदी ठोकतात आणि हा बटणं ठोकतो! कन्सोलवर फुटबॉल खेळायचा, तोही ऑनलाइन. म्हणजे हा हुपरीत, समोरचा आणखी कुठल्या गावात, आणि चेंडू दोघांच्या मधल्या तारेत! हसू नका आजोबा, तुमचा नातूही हेच करतो.

पण हा नुसता टाइमपास नव्हता हो. राज्याचा संघ निवडायचा होता आणि सुयोग शेवटच्या फेरीपर्यंत पोचला होता. रविवारची दुपार. तीन सामने, त्यातले दोन जिंकेल तो संघात. अण्णांनी बजावलं होतं, "ह्यात निवड झाली तर खेळ. नाही झाली तर मुकाट्यानं दुकानात बसायचं."

पहिला सामना सुरू झाला. सुयोग चेंडू घेऊन पुढे, समोर फक्त गोलरक्षक! बटण दाबलं — आणि चित्र थांबलं. खेळाडू एक पाय वर करून उभा. चित्र पुन्हा हललं तेव्हा चेंडू सुयोगच्याच जाळ्यात! असं एकदा नाही, सामनाभर. तो हरला.

दुसऱ्या सामन्याआधी थोडी विश्रांती होती. सुयोग घामाघूम. राउटर बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. वायफाय सोडून कन्सोलला थेट केबल जोडली. केलं ते बरोबरच. पण पडद्यावरचा आकडा काही खाली येईना! कन्सोलचा निरोप जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो, त्याचा हा आकडा. तो लहान असला तर खेळ पळतो, फुगला की खेळ अडखळतो.

कंपनीला फोन लावला. पलीकडून बाई गोड आवाजात म्हणाली, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." आणि वाजवायला लागली पेटी! आमच्या पेटीवाल्यांपेक्षा बेसूर! सुयोगने फोन आपटला. शेजाऱ्यांवर संशय आला म्हणून पासवर्ड बदलला, घरातल्या टीव्ही-मोबाइलांत नवा टाकला. आकडा जागचा हलला नाही.

मग कानावर आवाज आला. आतल्या खोलीत केतकीवहिनी, थोरल्या भावाची बायको, लॅपटॉपवरून बायकांना मीनाकाम शिकवत होती. "हा निळा रंग असा पातळ भरायचा हं..."

झालं! सापडला चोर! सुयोग तरातरा आत गेला आणि वहिनीच्या लॅपटॉपची केबल — उपटली! पडद्यावरच्या बायका गायब.

"भावजी! अहो, वर्ग चालू आहे माझा!"

"तुमच्या वर्गापायी माझी निवड चालली वहिनी! घरात एकच लाइन, ती दिवसभर तुम्हीच ओढता!"

शब्द गेला, मंडळी. केबल परत जोडता येते, शब्द कुठल्या छिद्रात जोडणार?

पळत जाऊन त्याने आकडा बघितला. होता तेवढाच! वहिनीची लाइन तोडली तरी तेवढाच!

केतकी दारात येऊन उभी राहिली. मनात आणलं असतं तर मागे फिरली असती. तुम्ही फिरला असता. पण ती म्हणाली, "भावजी, दुकानात काटा चुकीचं वजन दाखवायला लागला तर अण्णा काय करतात?"

"वहिनी, ही वेळ आहे का?"

"काय करतात?"

"...काटा रिकामा करतात."

"मग करा रिकामा. घरातलं सगळं काढा. माझं तर काढलंच आहे तुम्ही."

टोमणा बसला! पण सुयोग हलला. टीव्ही, थोरल्याचा मोबाइल, अण्णांचा मोबाइल, स्वतःचाही, सगळं लाइनवरून उतरवलं. उरला एकटा कन्सोल. आकडा? खाली! एकदम खाली!

"आता एकेक चढवा," वहिनी म्हणाली. टीव्ही चढवला, ठीक. दोघांचे मोबाइल चढवले, ठीक. दुसऱ्या सामन्याची घंटा वाजायला आलेली! वहिनीचा वर्ग चढवला. सुयोगने श्वास रोखला... ठीक! आकडा जागेवर!

वहिनीने बोट दाखवलं. 

"राहिला तुमचा मोबाइल."

"माझ्यावर काहीच चालू नाही!"

"चढवा की."

चढवला. आणि आकडा? टुणकन आभाळात!

काय चालू होतं माहीत आहे? आदल्या दिवशी सुयोगने आपले सगळे गोल, सगळ्या जिंकलेल्या सामन्यांच्या चित्रफिती मोबाइलवर घेतल्या होत्या. मोबाइल त्या गुपचूप, एकामागून एक, इंटरनेटवरच्या साठ्यात चढवत बसला होता. घराबाहेर जाणारी वाट मुळात अरुंद, आणि त्या वाटेत ह्याच्याच कौतुकाचं वऱ्हाड! खेळातलं बटण बाहेर निघणार कुठून? काट्यावर अंगठा स्वतःचा, आणि वजनाचा जाब मागत होता वहिनीकडे!

सुयोगने मोबाइल बंद केला. दुसरा सामना सुरू. लाइन पाण्यासारखी वाहिली. जिंकला! आता तिसरा, आणि ह्यावर सगळं ठरणार. दोघांचा एकेक गोल. शेवटचे क्षण. सुयोग डावीकडे धावला, समोरच्याने हूल दिली, चेंडू काढून घेतला — आणि गोल. चित्र एकदाही थांबलं नव्हतं. सुयोग हरला होता.

अण्णा दारात. पोराचा चेहरा बघितला. कडक माणूस, पण बाप तो. हळूच म्हणाले, "नेट गेलं व्हय रं परत?"

मंडळी, बापाने पळवाट आयती काढून दिली! नुसती मान हलवायची होती. पहिल्या सामन्यात तर खरंच अडखळलं होतं. कुणाला कळणार होतं? वहिनीला. आणि ती बोलली नसती.

सुयोग म्हणाला, "नाही अण्णा. लाइन चोख होती. तो माझ्यापेक्षा चांगला खेळला." कन्सोल बंद केला. "उद्यापासून येतो दुकानात."

मग आत गेला. वहिनीच्या पडद्यासमोर वाकला आणि त्या बायकांना म्हणाला, "मावशी, मघाशी वर्ग तुटला ना, त्यात वहिनींची काही चूक नाही. केबल मी उपटली. आणि वहिनींना बोललोही नको ते."

 मग पलीकडून एक बाई म्हणाली, "बरं झालं की बाबा, तेवढ्यात माझ्या चार भाकऱ्या झाल्या!"

वहिनी हसली. डोळे पुसत हसली.

तुम्हीही हसलात. हसा! पण आता मी तुमच्याकडे वळतोय. ह्या मंडपात बसलेल्या एकेकाने कुणाची ना कुणाची केबल उपटलेली आहे. कुणी सुनेची, कुणी भावाची, कुणी भागीदाराची. आणि नंतर कळलंय, एकटं असताना, की अडवणारे आपणच होतो. कळलं, आणि गप्प बसलात! सुयोगची निवड गेली, पण त्या घरातली एक बाई त्या रात्री सुखाने जेवली. तुमच्या घरात कोण जेवायचं राहिलंय?

उत्तर मला नको. मी उद्या दुसऱ्या गावी जाईन. ते त्या माणसाला जाऊन सांगा. आजच सांगा, कारण सकाळ झाली की आपलंच खरं वाटायला लागतं!

उठा मंडळी, हात जोडा, आणि ज्याला दुखावलंत त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून देवाचं नाव घ्या...