डबा उघडला न्हाई म्हणून

चहा सगळा प्या बायांनो, त्या दिवशी पाहुण्यांचा कपात तसाच राहिला होता.

मला टीबी झाला तेव्हा मुखेडच्या दवाखान्यानं वेळेवर वाजणारा गोळ्यांचा डबा दिला. डॉक्टर म्हणाले, "आजी, डबा उघडला का, ते आम्हाला इथं कळतं."

"मी काय चोर हाय, पहारा ठेवायला?" असं मी सुनावलं खरं, पण वाटलं, त्यांनाच कळतं ना, गावाला तर न्हाई.

नातीला बघायला उदगीरचे पाहुणे आले. डबा दिसू नये, वाजू नये म्हणून मी तो गोळी न घेताच गोधडीत गुंडाळला. पोहे झाले, पोरगी पसंत पडली. तेवढ्यात फोन आला. मला कमी ऐकू येतं, म्हणून माझा फोन कायम स्पीकरवर.

"आजी, दवाखान्यातून बोलतेय. टीबीचा डबा आज उघडला न्हाई का?"

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. "निघतो आम्ही. एसटी चुकंल."

जन्मात कुणापुढं मान खाली घातली न्हाई मी. त्या दिवशी नातीकडं बघवेना.

सकाळी डबा पुन्हा वाजला. मी गोधडी शोधायला लागले, तर नात पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"वाजू दे आजी. आता ऐकायचं कोण राहिलंय?"