फिकट गुलाबी

(शाळेची प्रयोगशाळा. निवृत्तीला आलेले रसायनशास्त्राचे सर, आणि एकेकाळची त्यांची विद्यार्थिनी, आता याच शाळेतल्या बाई.)

सर — मान राखण्यासाठी खरं गिळू नये, आणि खरं बोलण्याच्या भरात मान तुडवू नये. दोन्ही साधणार नसेल, तर खऱ्याची बाजू घ्यावी. तेव्हा दारात घुटमळू नकोस. बोल.

बाई — सर, आधी एक अनुमापन करून दाखवाल? ब्युरेटच्या नळीत आम्लारी भरलीय. शंकुपात्रात आम्ल आहे, दर्शकही घातलाय.

सर — म्हणजे जाता जाता माझीच परीक्षा! बरं. खाली पांढरा कागद सरकव. पात्र हलवत राहायचं, फिकट गुलाबी छटा टिकली की तोटी बंद... अजून पाण्यासारखं बिनरंगीच आहे... अजून... हां, आता आली.

बाई — मगाशीच आली होती, सर. आता गडद झालंय.

सर — गडद?

बाई — मुलं वेळेवर तोटी बंद करतात. तुम्ही ‘अजून’ म्हणता, की आणखी थेंब सोडतात. सगळ्यांची उत्तरं चुकतात. उद्या प्रात्यक्षिक परीक्षा आहे, बाहेरचे परीक्षक येणार.

सर — काल त्या दोन वेण्यांवालीला मी पुन्हा पुन्हा करायला लावलं. ‘झालंय हो, सर,’ म्हणत होती बिचारी.

बाई — तिचं पहिलंच बरोबर होतं.

सर — रडली?

बाई — माझ्याकडे आली होती. म्हणाली, सरांना सांगू नका, त्यांना वाईट वाटेल.

सर — घरी नवा पांढरा रंग दिला, तोही मला पिवळट दिसतो. मी उगाच रंगाऱ्याला बोल लावला. मोतीबिंदू असणार.

बाई — डॉक्टरांकडे मी येते तुमच्याबरोबर.

सर — ये. पण उद्या मुलांना जरा लवकर बोलाव. चूक माझ्या डोळ्यांची होती, त्यांच्या हातांची नव्हे, हे मी त्यांना सांगेन.

बाई — तुम्ही कशाला, सर? मी काहीतरी निमित्त काढून समजावते.

सर — नको. मी सांगितलं नाही, तर तोटी बंद करताना त्यांच्या कानात माझं ‘अजून’च वाजत राहील. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास कसा ठेवतील ती?

बाई — बरं, सर.

सर — आता पात्र धुऊन घे आणि तू कर. मी मध्ये बोलणार नाही.

बाई — ...थांबले, सर.

सर — मला पाणीच दिसतंय. म्हणजे अचूक असणार. सुखी राहा, बाळ. तुझी नजर अशीच निर्मळ राहो. आणि त्या पोरीचीही.