घोड्याच्या शेपटीखाली सत्तर मिनिटे

नाव ओदील ब्रासार, वय ६७ वर्षे, धंदा शाळेच्या खानावळीत स्वयंपाक, आता निवृत्त, राहणार लील. ल्यों शहर पोलीस ठाणे, ३ ऑगस्ट, सायंकाळी ७.४०.

मी समक्ष हजर राहून सांगते की, माझा नवरा आर्मां, वय ७१, आज दुपारपासून बेपत्ता आहे. अंगात निळा शर्ट, पायात चपला, डोक्यावर टोपी नाही. टोपी माझ्या पिशवीत राहिली आहे. हृदयाची संध्याकाळी सहाची गोळीही माझ्याकडेच आहे.

आम्ही मुलीकडे दक्षिणेत निघालो होतो. मध्ये चार तास ल्योंला उतरलो, कारण आर्मां इथलाच. दोन वर्षांपासून त्याला विसरायला होते. सकाळपासून त्याने मला गाडी कितीची हे किती वेळा विचारले, ते मी मोजलेले नाही.

अडीच वाजता आम्ही बेलकूर चौकात घोड्यावर बसलेल्या राजाच्या पुतळ्यापाशी आलो. ल्योंची माणसे भेटायचे असले की घोड्याच्या शेपटीखाली भेटतात. आर्मां बाकी सगळे विसरला तरी ही जागा विसरत नाही. म्हणून मी त्याला तिथे उभे केले.

मी म्हणाले, "दहा मिनिटांत येते. हलू नकोस."

तो म्हणाला, "शेपटीखालून कोण हलतंय? तूच हरवशील बघ, लीलवाली."

मी पूल ओलांडून रोन नदीच्या पलीकडच्या काठावर गेले. तिथे नावेवरच्या कॅफेत बसले आणि एक ग्लास वाइन घेतली. गाणी चालू होती, पोरेपोरी नाचत होती. मला कोणी काही विचारत नव्हते. मग मी दुसरा ग्लास घेतला. मला बरे वाटत होते, हेही लिहा.

तीन चाळीसला परत आले तेव्हा तो तिथे नव्हता. शेजारच्या आइसक्रीमवालीला विचारले. ती म्हणाली, "ते आजोबा होय? तासभर उन्हात उभे होते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला बायको आली का विचारत होते. मी म्हटलं, दिसते कशी सांगा. तर म्हणाले, लांब वेणी, हिरवा झगा, तेवीस वर्षांची. मला वाटलं, मुलीला शोधतायत."

तिने सावलीत बसायला सांगितले, पण तो ऐकेना. जाताना तिला म्हणाला, "तिला पाण्याकाठी बसायला आवडतं. मीच घेऊन येतो." आणि तो चौकाच्या दुसऱ्या बाजूच्या सोन नदीकडे गेला. मी रोनवर होते. सोनचा काठ मी दोन्ही बाजूंनी सात वाजेपर्यंत पालथा घातला. त्याला पोहता येत नाही.

कृपा करून त्याला शोधा. त्याला हाक मारताना ओदील आली आहे असे सांगा.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "गर्दीमुळे परतायला उशीर झाला" असे अधिकाऱ्यांनी माझी दया येऊन आपल्या मनाने लिहिले होते. ते मी खोडायला लावले. गर्दी होती, पण माझ्या वाटेत नव्हती. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे खरा आहे.

सही: ओदील ब्रासार