वरची फळी

सर : पुन्हा एकदा सांग. हळू सांग. तीन वाजता तुझी प्रोफेसरपदाची मुलाखत आहे, समितीचे अध्यक्ष माझ्या केबिनमध्ये चहा पीत बसलेत, आणि तू मला उंदीरघरात बोलावून सांगतेस काय, तर आपली लस चालत नाही?

बाई : चालत नाही असं नाही, सर. ती कधी चाललीच नव्हती.

सर : अकरा वर्षं चाललीय! शोधनिबंध छापून आला, तुला पीएचडी मिळाली, मी विभागप्रमुख झालो. एवढी चाललेली लस मी तरी दुसरी पाहिली नाही.

बाई : आपल्याला लागू पडली. उंदरांना नाही.

सर : चारशे जणांनी आपला हवाला दिलाय.

बाई : प्रयोग करून पाहिला दोघांनी. दोघांनाही जमला नाही. तेव्हा तुम्ही म्हणालात, त्यांचा हात बसलेला नाही.

सर : नव्हताच बसलेला.

बाई : मामा, मला सांगितलंत ते सरांना सांगा.

मामा : मी काय सांगणार, साहेब? मी पिंजरे धुणारा माणूस.

सर : बोला आता. लाजू नका.

मामा : वरच्या फळीवरचे उंदीर आजारी पडत नाहीत. लस द्या, नाहीतर नका देऊ. खालच्या फळीमागं गार हवेची जाळी आहे ना, तिथले बिचारे दिवसभर कुडकुडतात. भुशात एकमेकांच्या अंगावर चढून झोपतात. तुम्ही जंतू टोचलेत की माना टाकतात.

सर : हे तुम्हाला कधी कळलं?

मामा : झाली की नऊ-दहा वर्षं.

सर : नऊ-दहा! मग बोलला का नाहीत?

मामा : कुणी विचारलं नाही. बाईंनी विचारलं, सांगितलं. शिवाय दारावर तुमचीच पाटी आहे, ‘कर्मचाऱ्यांनी प्रयोगात लक्ष घालू नये’.

बाई : लस दिलेले वर, न दिलेले खाली, ही शिस्तही तुमचीच, सर. घोळ होऊ नये म्हणून.

सर : झाला का कधी घोळ?

बाई : एकदाही नाही. तीच तर पंचाईत झाली. एखादा पिंजरा चुकून जरी इकडचा तिकडे गेला असता, तरी आपण वाचलो असतो.

मामा : माझ्या हातून तसली चूक व्हायची नाही.

बाई : चार महिन्यांत तीनदा फळ्या बदलून पाहिलं. लस दिलेले खाली ठेवले, गेले. न दिलेले वर ठेवले, टुणटुणीत.

सर : बरं. सापडलं. शाबास. आता ही वही कपाटात टाक. मुलाखत दे, नेमणुकीचं पत्र हातात घे आणि सहा महिन्यांनी सावकाश चूक कबूल कर. अगं, प्रोफेसरनं कबूल केली की तो प्रांजळपणा असतो. तुझ्या पदावर ती नुसतीच चूक असते.

बाई : त्या सहा महिन्यांत एखादी पोरगी आपल्या निबंधाच्या भरवशावर पीएचडी सुरू करेल.

सर : करू दे की! तू नाही केलीस?

बाई : केली ना. म्हणूनच.

सर : दोनदा डावललंय तुला. यंदा कुठं समितीत आपली माणसं आहेत. तू रिटायर होईपर्यंत ही जागा पुन्हा निघायची नाही.

बाई : माहीत आहे.

सर : माझा तरी विचार कर. पुढल्या वर्षी मी निवृत्त होतोय. निरोपाच्या समारंभात लोक काय बोलतील?

बाई : तिथं कुणी खरं बोलत नाही, सर. तिथं तुम्हाला धोका नाही.

सर : संपादकांना कळवलंस की काय?

बाई : सकाळीच. निबंध मागं घेतोय म्हणून. तुमच्या सहीची जागा रिकामी आहे. ते विचारतील तुम्हाला.

सर : आणि समितीला काय दाखवणार आहेस?

बाई : पहिलंच चित्र या फळीचं. फोटो मामांनी काढलाय.

मामा : जरा हललाय, साहेब.

सर : म्हणजे अकरा वर्षं पाण्यात. तुझ्या हाती उरलं काय?

बाई : खालच्या फळीवरचे दरवेळी दोन-तीन जगलेत. ना लस, ना ऊब. त्यांना आपण हिशेबातून वगळत आलो, आलेख बिघडवतात म्हणून. ते का जगले, ते मला बघायचंय.

सर : तू जन्मात प्रोफेसर होणार नाहीस.

बाई : बहुतेक नाही. चला, तीन वाजत आले. चहा संपला असेल त्यांचा.

(सर निघून जातात. दार सावकाश आपसूक लागतं.)

मामा : सही करतील का हो साहेब?

बाई : करतील. आधी दोन दिवस चिडतील. शिस्तीचे आहेत.

मामा : आणि तुम्हाला समिती घेईल?

बाई : ते फोटो द्या इकडं. तो हललेलासुद्धा.

मामा : उद्या नवे उंदीर येतायत, बाई. कुठं लावू?

बाई : खालीच लावा. वरच्या फळीवर काय, कुणीही टिकतं.